खाणमंत्री महोदय, आमच्या शेतातला गाळ कोणी उपसायचा?

माननीय खाणमंत्री, गोवा,
सादर नमस्कार.

परवाच्या पावसात खाणीच्या डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची, माती पुन्हा व्हाळातून (ओढ्यातून) आमच्या शेतात उतरली. नुकतीच लावणी झाली होती. आता बांधापर्यंत तांबडा चिखल आहे. हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि ऊन पडलं की त्याचंच खापर होतं. त्यातून भाताची काडी वर येत नाही. पावसाआधी डंपच्या पायथ्याशी बंधारा घालतो, असं पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी गावासमोर सांगितलं होतं. दगडसुद्धा पडला नाही. आई आता शेताकडे फिरकत नाही. घरचे तांदूळ खाऊन वाढलेली आम्ही माणसं यंदा दुकानाच्या रांगेत असू.

जिव्हारी लागतं ते हे, की ही माती टाकाऊ नाही. तिच्यात लोखंड आहे, म्हणून तर सरकारने डंपांसाठी वेगळं धोरण केलं. ती धुऊन, भुकटीच्या गोळ्या भाजून झोतभट्टीत घालता येते. पंधराशे अंशांच्या आसपास लोखंड वितळून खाली बसतं. चुनखडी खनिजातली वाळू-माती ओढून घेते, तो स्लॅग वर तरंगतो. पाण्याच्या झोताने तो झटकन थंड केला, की दळून सिमेंटमध्ये जातो. लोखंडाच्या टनामागे असा स्लॅग तीनेकशे किलो! आमोण्यात कच्च्या लोखंडाच्या भट्ट्या आहेत, ही विद्या गोव्याला नवी नाही. तरी वर्षानुवर्षे खनिज बार्जमधून मुरगाव बंदरात आणि तिथून चीनला गेलं. गाळ तेवढा आमच्याकडे राहिला.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. दोन्ही वेळा सरकार बुडालेल्या महसुलाबद्दल बोललं, बुडालेल्या शेतांबद्दल नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने जवळजवळ 35 हजार कोटींचं नुकसान सांगितलं. त्यातलं वसूल किती झालं? जिल्हा खनिज निधी 2015 च्या कायद्याने बाधितांसाठीच आहे. मग बाधितानेच अर्ज घेऊन टेबलाटेबलावर का फिरायचं? इथे लिजवाल्याला दार उघडं, शेतकऱ्याला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'.

डंपची माती कच्ची बाहेर पाठवू नका, इथेच तिचं लोखंड आणि सिमेंट होऊ द्या. भट्टीला कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, लागतो, आणि बंदरावरच्या कोळशाची भुकटी शेजारच्या वास्कोच्या घरांत कशी बसते ते आम्ही बघतो. म्हणून धुराची मोजणी दर महिन्याला पंचायतीत लावा. पण त्याआधी बंधारा घाला आणि गाळ उपसायला यंत्र याच आठवड्यात पाठवा. लावणीचे दिवस सरत आले आहेत.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक शेतकरी