बाबा, मानेचा पट्टा काढा

बडोदे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धडकेनंतर गाडीचा बंपर बदलून आल्याचं बाबांनी फोनवर इतकं रंगवून सांगितलं की मान कशी आहे, ते शेवटी आईलाच विचारावं लागलं. आई म्हणाली, "पट्टा लावून बसलेत, अंघोळीपुरता काढतात." म्हणून हे पत्र. फोनवर बाबा ऐकत नाहीत.

बाबा, एक्स-रे चांगला आला म्हणजे हाडं शाबूत आहेत. स्नायू आणि हाडांना एकमेकांशी बांधणारी लिगामेंट त्यात दिसतच नाहीत. भंवरकुआंच्या सिग्नलला मागून धडक बसली तेव्हा सीटने तुमचं धड पुढे ढकललं, डोकं मागे राहिलं आणि मग झटक्याने पुढे आलं. ताण बसला तो तिथे. त्या रात्री तुम्ही सराफ्याच्या खाऊगल्लीत हिंडून आलात आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. हे असंच होतं, दुखणं पुष्कळदा एका दिवसाने वर येतं. तेव्हा आई, दृष्ट काढायची गरज नाही.

पट्ट्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी तो चारच दिवस लिहिला होता, चिठ्ठीचा फोटो माझ्याकडे आहे. डोकं पट्ट्याने तोलायचं म्हटलं की मानेचे स्नायू कमजोर होतात आणि मान आणखी आखडते. दिवसातून पाच-सहा वेळा मान सावकाश दोन्हीकडे वळवा, ओढ बसेल तिथे थांबा. थोडं दुखेल, घाबरू नका. बर्फाचे दिवस गेले, आता गरम पाण्याची पिशवी चालेल. मालिशवाला नको. आणि कटिंग झाल्यावर न्हाव्याकडून कडकन मान मोडून घ्यायची तुमची हौस आता कायमची बंद! त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते.

मेडिकलवाल्याला विचारून पेनकिलरही घेऊ नका. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल पुरे.

आई, हे तुझ्यासाठी. हाताला मुंग्या आल्या, हातातून कप सुटला, चालताना तोल गेला, डोकेदुखी वाढत जाऊन उलटी झाली, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, सरळ इमर्जन्सीत ने. एरवी बहुतेकांची मान काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सुटते.

आणि बाबा, गाडीचे हेडरेस्ट वर करा, डोक्याच्या टाळूइतके. मागे बसून आईला रस्ता दिसावा म्हणून तुम्ही ते खाली दाबून ठेवले आहेत, मला माहीत आहे. तिला पुढे बसवा.

तुमची,
मनू