तुझ्या एकांकिकेतल्या पोरीला मारू नकोस

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली एकांकिका वाचली. मोबाइलवर इतकं बारीक वाचवत नाही, म्हणून कळंबला गेले तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेतली. संवाद छान जमलेत. मेसमधल्या पातळ वरणाचा प्रसंग वाचून तर मी एकटीच हसले. शेवट मात्र पटला नाही. हे फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुझी नायिका मरायच्या आधी व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ठेवते. एकेकाचं नाव घेते, कोणी काय केलं ते सांगते, आणि ती गेल्यावर सगळे ऐकून रडतात. हे कुठून आलं ते मला माहीत आहे. दिवाळीत तूच मला 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही सिरीज दाखवली होतीस, त्यातली पोरगीही असंच रेकॉर्ड करून जाते. ती 2017 च्या मार्चअखेर आली, आणि नायिकेच्या मरणाचा प्रसंग नेटफ्लिक्सने 2019 च्या जुलैमध्ये काढून टाकला, म्हणजे दोन वर्षं तो पोरांनी बघून झाल्यावर. 2019 मध्येच अमेरिकेत एक अभ्यासही छापून आला. सिरीज आल्यानंतरच्या एप्रिलमध्ये तिथल्या 10 ते 17 वयाच्या मुलांच्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा जास्त झाल्या, असं त्यात निघालं. त्या सिरीजमुळेच झाल्या असं काही त्यावरून सिद्ध होत नाही, आणि पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्यावर आक्षेपही घेतले. म्हणून तो वाद मी घालत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. अशा गोष्टीत मेलेली पोरगी खरं तर मरतच नाही. ती बोलत राहते, लोक तिचं ऐकतात, ज्यांनी छळलं ते पस्तावतात, तिचा हिशेब पुरा होतो. खुर्चीत बसलेल्या सतरा वर्षांच्या पोरीला वाटेल, जिवंतपणी कोणी ऐकलं नाही, मेल्यावर तरी ऐकतात. मृणाल, मेलेल्या माणसाला कोणाचं रडणं ऐकू येत नाही.

आणि कारणांची यादी! आपण यवतमाळ जिल्ह्यातली माणसं. मरणानंतर कारण शोधायचं काम आपल्याइतकं कोणी बघितलं असेल? कास्तकाराने जीव दिला की तलाठी येतो, पंचनामा होतो. सातबारा, बँकेचं कर्ज, नापिकी, सगळं कागदावर चढतं. मग जिल्ह्याची समिती बसून ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. पात्र ठरलं तर घरच्यांना 1 लाख. चॅनलवाले येतात, ओसरीत बसलेल्या बाईच्या तोंडासमोर माइक धरतात आणि कारण विचारतात. कर्ज खरं आहे, बोंडअळी खरी आहे, कापसाला भाव नाही हेही खरंच. ते बदललंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण हा माणूस कधीपासून झोपत नव्हता, जेवण कधी तुटलं, वावरात जाणं कधी सोडलं, कोणाला दाखवलं होतं का, हे त्या कागदावर कुठेच नसतं. तुझ्या एकांकिकेतही नाही. तू दोषी शोधलेस, पण पोरगी आजारी होती हे राहूनच गेलं.

2015 मध्ये शेतकरी आत्महत्या रोखायला सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला, तेव्हापासून आम्ही आशा सेविका कास्तकारांच्या घरी जाऊन मनाचं विचारतो. सिरीजमध्ये दिसतं तसं मला एकाही घरात दिसलं नाही. अंधारी खोली नाही, डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं नाही, मागे पियानो तर नाहीच. बाई म्हणते, डोकं जड राहते, पोटात आग होते, हातपाय गळून जातात. उदास आहे असं कोणी म्हणत नाही. पोलिओच्या डोसाबद्दल बोलता बोलता मधेच ती गप्प होते, तेव्हा कुठे धागा सापडतो.

एक घर सांगते. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तू ओळखशील. बाळंतपणानंतर सुनेची झोप गेली, बाळाला घ्यायची नाही. बाहेरचं झालं म्हणून भगताकडे नेलं, लिंबू उतरवलं. दवाखान्याचं नाव काढलं तर नवरा म्हणाला, "काहून? माही बायको का पागल हाय?" सासूला भीती, नागपूरला ठेवून घेतील आणि झटके देतील. ही भीती आली कुठून? संध्याकाळच्या मालिकांतून. खलनायिका शहाण्या सुनेला वेड्यांच्या इस्पितळात टाकते, तिथे तिला बांधून, शुद्धीत असताना शॉक देतात. वर्षानुवर्षं हेच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो उपचार करताच येत नाही, आणि नीट दिला तर गंभीर पेशंटला त्याचा फायदा होतो. हे सांगता सांगता माझं तोंड दुखलं.

शेवटी तिला यवतमाळला नेलं. तिथे चिठ्ठी काढा, लाइनीत बसा, बाळ कडेवर, दुपार तिथेच. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. अशा गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र आधी होते. दहा दिवसांत सासू म्हणाली, गोळ्यांनी पोरगी सुस्त झाली, बंद करा. मी रोज जाऊन बसायचे. आधी झोप सुधारली, मग जेवण. मग एक दिवस ती सासूशी भाजीतल्या मिठावरून कडाकडा भांडली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बरं वाटू लागल्यावरही पुढे निदान सहा महिने गोळ्या घ्यायच्या असतात, तिथे पुन्हा ओढाताण. यात एकही प्रसंग असा नाही की प्रेक्षक टाळ्या वाजवतील. म्हणूनच सिरीजवाले ते वगळतात. एक तर पोरगी मरते, नाही तर एक मित्र "मी आहे ना" म्हणतो आणि ती बरी होते. मित्र पाहिजेच, नाही कशाला म्हणू? पण त्याने तिला दवाखान्याच्या लाइनीत सोबत केली तर जास्त उपयोग.

सगळेच वाईट दाखवतात असं नाही. तुझी ती 'कोटा फॅक्टरी' मला म्हणूनच आवडली. दुसऱ्या सीझनच्या शेवटी एक विद्यार्थिनी जाते, आणि 2024 च्या तिसऱ्या सीझनमध्ये पोरांना धीर देणारे जीतू भैया स्वतः डॉक्टरसमोर बसतात. इतरांना शहाणपण शिकवणाऱ्यालाही मदत लागते, हे बघून मला बरं वाटलं.

2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिनेमा आणि रंगमंचवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली आहे. मरणाची रीत दाखवू नका, एकच एक कारण देऊ नका, मदत मागणारी पात्रं दाखवा, असं त्यात आहे. तुमच्या सरांना दाखव. बक्षीस जाईल असं ते म्हणतील. म्हणू देत.

तुझ्या पोट्टीला जिवंत ठेव. गोळ्या सुरू कर, दोनदा सोडायला लाव, तिच्या आईला आधी भगताकडे पाठव. मिठाचं भांडण हवं असेल तर घे, फक्त गावाचं नाव नको. शेवटी कोणी तरी रंगमंचावरून टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर मोठ्याने सांगावा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आता एक सरळच विचारते. हे सगळं फक्त एकांकिकेसाठी लिहिलंस ना? मेसमधली ती पोरगी ताटावरून उठून जाते, ते मला जरा जास्तच खरं वाटलं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो असं लोकांना वाटतं, पण ते खोटं आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये विचारायलाच शिकवलंय, मग पोटच्या पोरीला काहून विचारू नये? तुला मरावंसं वाटतं का गं कधी? मैत्रिणीचं असेल तर तिचं सांग. रागावणार नाही, बाबांनाही तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. याचं उत्तर आधी दे, एकांकिकेचं नंतर बघू. आणि पत्राने नको, रात्री फोन कर, मी जागीच असते.

तुझी,
आई