दिल्लीची टीटी नको

नौपाडा, ठाणे

चि. सौमित्र,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही सेकंडहँड ऑडी टीटींचे, तुझ्या त्या लाडक्या स्पोर्ट्स गाडीचे, फोटो आणि कागद मी शांतपणे पाहिले. फोनवर तू घाईत होतास, बाबा मध्येच बोलत होते, म्हणून लिहायला बसले. गाडी घेऊच नको असं मी म्हणणार नाही. पैसे तुझे आहेत आणि या गाडीचं वेड तुला शाळेपासून आहे. पण माझी नोकरी मोटार विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर गेली, गॅरेजांची बिलं वाचण्यात गेली. तिथे जे कळलं ते तुला सांगायलाच हवं. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दिल्लीची 2011 ची पांढरी टीटी तुला बारा लाखांत मिळेल. तिचं काही बिघडलं की बिल मात्र ती नवी असताना जी किंमत होती, त्या हिशेबाने येईल.

टीटी आपल्याकडे कधी बनलीच नाही. हंगेरीतल्या ग्यॉरच्या कारखान्यातून ती आख्खी आयात व्हायची, आणि 2023 मध्ये तिचं उत्पादनही थांबलं. त्यातल्या त्यात बरं हे, की तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांतही आहेत, त्यामुळे ते ओळखणारा मेकॅनिक आणि त्यांचे पार्ट इथे सापडतात. दिवे, काचा, दरवाजे, बंपर यांचं तसं नाही. ते बाहेरून यायचे, आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी.

आता गिअरबॉक्स, कारण मोठी बिलं तिथली असतात. टीटीत सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि ते क्लच तेलात बुडालेले असतात. त्याचं तेल आणि फिल्टर 60,000 किलोमीटरला बदलायचा असतो, आणि सेकंडहँड गाड्यांत नेमकं तेच राहून गेलेलं असतं. क्लच झिजला की त्याचा कचरा तेलात फिरतो आणि मेकाट्रॉनिकमध्ये जातो. मेकाट्रॉनिक म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर एकत्र असलेला भाग, तोच गिअर टाकतो. तो बिघडू लागला की गाडी रिव्हर्सला झटका देते, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसतो, समोरच्या पडद्यावर गिअरची अक्षरं लुकलुकतात. मी वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या गॅरेजांत विचारलं. नवं मेकाट्रॉनिक बसवायचं तर दोन-तीन लाख धर, बाहेर दुरुस्त करून घेतलं तर लाखाच्या आसपास. तेल आणि फिल्टर बदलायला पंचवीस-तीस हजार. हे आकडे ढोबळ आहेत, पण पंचवीस हजार वाचवायला गेलेल्या आधीच्या मालकाचे दोन लाख तुला भरावे लागू शकतात, एवढं त्यातून दिसतं. घोडबंदर रोडवर किंवा ऐरोलीच्या सिग्नलला गाडी इंच-इंच सरकते तेव्हा हे क्लच अर्धवट घासत राहतात. तुझा रोजचा रस्ता तोच आहे, म्हणून तेल बदलल्याची पावती हातात आल्याशिवाय पुढे बोलूच नकोस.

पांढऱ्या गाडीबद्दल माझी खरी भीती इंजिनाची आहे. त्या काळातलं हे दोन लिटरचं टर्बो इंजिन तेल पिण्यासाठी जगभर बदनाम आहे. पिस्टनच्या ऑइल रिंगची भोकं बारीक होती, ती जळक्या तेलाने बुजतात आणि तेल वर जाऊन जळतं. हजार-दीड हजार किलोमीटरला लिटरभर तेल जायला लागलं की इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही, आणि खर्च पुन्हा लाखांत. त्याहून वाईट टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी ताणून धरणारा भाग. त्याची पकड सुटली तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि त्या क्षणी इंजिन संपतं. हे आधी ओळखायचा एक सोपा मार्ग आहे. रात्रभर थंड असलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखड ऐकू येते का, ते कान देऊन ऐकायचं. विकणारा तू यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतो, ते याचसाठी.

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी बसते. मग पिकअप मरतो, थंडीत इंजिन थरथरतं. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून ते साफ करतात. हा खर्च मात्र आवाक्यातला आहे.

2017 ची राखाडी गाडी, एमएच-43 ची, मला बरी वाटते. तिचं इंजिन पुढच्या पिढीचं आहे, तेलाचा आणि चेनचा त्रास बराच कमी. पण वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या खोक्यात आहेत आणि ते कधीतरी गळतंच. कूलंट कमी झाल्याचा इशारा आला तर नुसतं भरून पुढे जायचं नाही. मजुरीसह चाळीस-पन्नास हजारांत ते काम होतं, आणि दुर्लक्ष केलं तर इंजिन तापून त्याचं हेड गेलं. ही गाडी चारही चाकांच्या जोरावर चालते, म्हणून मागच्या चाकांना ताकद देणारा हॅल्डेक्स नावाचा वेगळा क्लच आहे आणि त्याचं तेल वेगळं बदलावं लागतं. ते बदललं का, हे मुद्दाम विचार. बऱ्याच मालकांना ते आहे हेच ठाऊक नसतं. चारही टायरचे मिळून साठ ते ऐंशी हजार. पेट्रोल 95 ऑक्टेनचं घालायचं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, तेही ऐक. तिथे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केले, तेव्हापासून वय होत आलेल्या महागड्या गाड्या इकडे येऊ लागल्या. 2011 च्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षं सरतच आली आहेत. तुला तिथली एनओसी, इथला रस्ता कर आणि लगोलग नोंदणीचं नूतनीकरण असं सगळं एकदम करावं लागेल. 2022 मध्ये पंधरा वर्षांपुढच्या साध्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5,000 ठरली, आयात केलेल्या मोटारीची 40,000. बारा लाखांच्या गाडीचे हे वरचे पैसे त्या जाहिरातीत कुठेच नाहीत.

विम्याबद्दल तुझा मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर करणं माझ्या हातात आहे. तू म्हणालास, "विमा आहे ना." गिअरबॉक्स, टेन्शनर, तेल पिणं, यातलं काहीही विमा देत नाही. यांत्रिक बिघाड आणि झीज पॉलिसीतून बाहेर असते. अपघाताचा दावा मान्य झाला तरी घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के, दहाच्या पुढे 50 टक्के. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के. फक्त काचेवर कपात नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. टीटीच्या सांगाड्यात आणि पत्र्यात ॲल्युमिनियम बरंच आहे. ते ठोकून सरळ करायला वेगळी हत्यारं आणि वेगळा हात लागतो, नाक्यावरच्या डेंटिंगवाल्याचं ते काम नाही. म्हणजे मोठं बिल आणि त्यातला मोठा वाटा तुझा.

आणि पाणी. वंदना टॉकीजपाशी दर पावसाळ्यात काय होतं ते तू लहानपणापासून पाहिलंयस. टीटी जमिनीला चिकटून चालते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी मारून सुरू करायला जाणाऱ्यांचे दावे माझ्या टेबलावर यायचे आणि ते नाकारताना मला फार वाईट वाटायचं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर सगळा खर्च मालकाचा. इंजिन प्रोटेक्ट मिळत असेल तर घे. मिळत नसेल तर जुलैमध्ये लोकलने जा. घ्यायची गाडी कधी बुडाली होती का हे बघायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. आतल्या टोकाला मातीची रेघ राहते.

राखाडीचे एकोणतीस लाख सांगतायत आणि तुझ्याकडे तीस आहेत. हे मला पटत नाही. गाडी नावावर झाल्यावर तीन लाख वेगळ्या खात्यात उरले पाहिजेत, फक्त तिच्यासाठी. सव्वीसपर्यंत उतरले तर घे. नाहीतर दिवाळीपर्यंत थांब. बंद झालेल्या दोन दरवाजांच्या गाडीला रोज गिऱ्हाईक येत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघ, असेल तर बोजा उतरल्याच्या फॉर्म 35 शिवाय पैसे देऊ नकोस. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सूट, तुला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विमा चौदा दिवसांत नावावर करून घे.

आणि सौमित्र, पाम बीच रोडवर रात्री गाडी पळवायची नाही. यावर मी चर्चा करणार नाही.

रविवारी मी आठच्या सुमाराच्या वाशी लोकलने सानपाड्याला येते. वागळेतला एक मेकॅनिक स्कॅनर घेऊन परस्पर तिथे पोचेल, त्याचे पैसे मी देईन. तू मालकाला आजच सांगून ठेव, शनिवार रात्रीपासून गाडीला हात लावायचा नाही, आम्ही आल्यावरच सुरू करायची. नाही म्हणाला तर मला फोन कर, मग मी येत नाही.

तुझी,
आई