पूना हॉर्स: नाव पुण्याचे, माणसे कुठकुठची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पूना हॉर्सवर आलेला लेख वाचला. दोन परमवीरचक्रे मिळवणाऱ्या भारतीय सैन्याच्या या रणगाडा रेजिमेंटची कुणाला आठवण झाली, याचा आनंद आहेच. पण लेखात तिला ‘पुणेकरांची घोडदळ पलटण’ म्हटले आहे आणि पेशव्यांच्या स्वारांचा वारसा थेट १९७१ च्या रणांगणापर्यंत ओढत नेला आहे. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. (पलटण पायदळाची असते; घोडदळाचा रिसाला. एवढी तरी शिस्त पाळू.)

मी भिंगारचा. शाळेत इतिहास शिकवायचो आणि मुलांची सहल रणगाडा संग्रहालयात नेण्याचे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचे. ‘सर, हॉर्स लिहिलंय, मग घोडे कुठायत?’ हा प्रश्न कुणी ना कुणी विचारायचेच. त्याचे उत्तर देता देता मीच बरेच काही शिकलो.

आधी पेशव्यांचे बघू. जून १८१७ च्या पुणे करारात दुसऱ्या बाजीरावाला मुलूख तोडून द्यावा लागला. त्याच्या उत्पन्नातून इंग्रजांनी जे स्वार उभे केले, ते पूना ऑक्झिलरी हॉर्स. म्हणजे पैसा पेशव्यांचा आणि हुकूम कंपनीचा. पुढच्याच १ जानेवारीला कोरेगावात यातले सुमारे ३०० स्वार कंपनीच्या बाजूने पेशव्यांच्या फौजेसमोर होते. मग वारसा कसला सांगायचा? पुढे कित्येक वर्षे या स्वारांचा तळ पुण्यात नव्हे, शिरूरला होता. शिरूरला आपण घोडनदी म्हणतो, पण ते नाव नदीचे. या घोड्यांशी त्याचा संबंध नाही, हेही मुलांना सांगावे लागायचे.

खरा मराठी वारसा दुसराच आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. तो म्हणजे शिलेदारी. आपल्याकडे बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा आणि शिलेदार स्वतःचे घोडे, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला यायचा. इंग्रजांनी हीच पद्धत शब्दासकट उचलली. भरती होणाऱ्याने घोड्यासाठी ठरावीक रक्कम भरायची, तिला ‘असामी’ म्हणत. त्या बदल्यात त्याला पगार जास्त, पण घोडा, दाणावैरण आणि सामानसुमान ज्याचे त्याने बघायचे. १९१४ मध्ये हिंदी घोडदळाच्या ३९ रेजिमेंटांपैकी जुन्या मद्रास फौजेच्या तीन सोडल्या, तर बाकी सगळ्या शिलेदारी होत्या. सरहद्दीवरच्या लहानसहान मोहिमांत हे निभावून जाई. महायुद्धात घोडे आणि माणसे भराभर पडू लागली, तेव्हा स्वतःच्या गाठीने नवा घोडा आणणार कोण? पद्धत कोलमडली आणि युद्धानंतर बंदच झाली. ‘घरचा शिलेदार’ हा शब्द आपण अजून अभिमानाने वापरतो. प्रत्यक्षातला शिलेदार १९२१ च्या सुमारास फौजेच्या कागदांवरून पुसला गेला.

त्या महायुद्धात ३४ वी पूना हॉर्स १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्सला उतरली. मोर्चा फुटला की घोडदळ आत घुसवू, असा बेत होता. मोर्चा फुटला नाही. घोडे मागे बांधून स्वार खंदकांत पायदळाचे काम करू लागले. २४ नोव्हेंबरला फेस्टुबर्टजवळ लेफ्टनंट फ्रँक डी पास हा २७ वर्षांचा अधिकारी जर्मनांनी आपल्या खंदकाकडे खणत आणलेल्या चरात रांगत शिरला आणि त्याने तिथला आडोसा सुरुंगाने उडवला. त्याच्याबरोबर दोन स्वार होते, फतेहखान आणि फरमान शाह. मग भर गोळीबारात उघड्यावर पडलेल्या एका जखमीला त्याने उचलून आणले. चर जर्मनांनी पुन्हा घेतला, आणि तो परत मिळवताना डी पास मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला ज्यू. आता सांगा, लंडनचा ज्यू अधिकारी, बरोबरचे दोघे मुसलमान, उरलेल्या रिसाल्यात राठोड राजपूत आणि कायमखानी मुसलमान. यात पुणेकर कुठे बसवायचा?

फ्रान्समध्ये हिंदी घोडदळाला तीन वर्षांहून जास्त काळ बहुतेक वाटच बघावी लागली. खरी घोडदौड झाली ती १९१८ मध्ये पॅलेस्टाइनला पाठवल्यावर. तिथून दमास्कसच्याही पुढे मजल गेली. दिल्लीच्या तीन मूर्तींमुळे हैफाची लढाई लोकांना माहीत झाली आहे. ते हैफा घेणारे जोधपूर आणि म्हैसूरचे स्वार ज्या पाचव्या घोडदळ डिव्हिजनमध्ये होते, त्याच डिव्हिजनमध्ये पूना हॉर्सही होती.

पुढचा भाग लेखकाने एका वाक्यात उरकला आहे. माझ्या मते महत्त्वाचा तोच. १९२१ मध्ये ३९ रेजिमेंटांच्या २१ केल्या. जोड्या लावून लग्ने लावल्यासारखा प्रकार. ३३ व्या लाइट कॅव्हलरीची ३४ व्या पूना हॉर्सशी गाठ पडली. ही ३३ वी म्हणजे जुनी तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी. तिने ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात खुशाब येथे शत्रूचा चौकोनी व्यूह घोडे घालून फोडला होता. पूना हॉर्सच्या निशाणावर जो चांदीचा पंजा दिसतो तो तिथल्या विजयाची खूण, म्हणजे सासरी आलेल्या ३३ व्या रेजिमेंटचे स्त्रीधनच. मोहरमचे पंजे पाहिलेल्या नगरच्या मुलांना तो लगेच ओळखू यायचा.

त्याच वेळी शेजारच्या ३१ आणि ३२ या रेजिमेंटांची जोडी लागली आणि १३ लान्सर्स तयार झाली. याही दोन्ही जुन्या मुंबई फौजेतल्याच, म्हणजे पहिली आणि दुसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी. पहिली, दुसरी, तिसरी: एका घरातल्या बहिणी म्हणा. १९३८ मध्ये हिंदी घोडदळाचे घोडे काढून गाड्या द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या दोन रेजिमेंटांत १३ लान्सर्स होती. पूना हॉर्सचे घोडे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत गेले. घोडा गेला, भाषा राहिली. आजही चिलखती दलात शिपायाला स्वार म्हणतात, हवालदाराच्या जागी दफेदार आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार.

मग १९४७. चिलखती दलाच्या १८ रेजिमेंटांपैकी १२ भारताला आल्या, सहा पाकिस्तानला गेल्या. धर्म पाहून स्क्वॉड्रनची अदलाबदल झाली. पूना हॉर्स इकडे राहिली, १३ लान्सर्स तिकडे गेली.

आता १६ डिसेंबर १९७१ कडे या. पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे पायदळाने पाय रोवला होता, पण सुरुंग काढण्याचे काम अर्धवट होते. लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांच्या पूना हॉर्सने रात्रीच त्या सुरुंगांतून रणगाडे पुढे काढले. सकाळी जरपालपाशी पाकिस्तानी चिलखती दलाने उलटा हल्ला चढवला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फॅमागुस्टा’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा पेटला, मागे फिरण्याचा हुकूम आला, आणि तोफ अजून चालते आहे असे सांगून ते तिथेच लढत राहिले. वय २१, कमिशन मिळून सहा महिने. हे सारे आपल्या लेखात आले आहे आणि चांगले आले आहे. समोर कोण होते, तेवढे आलेले नाही. समोर १३ लान्सर्स होती. मुंबई फौजेच्या त्याच घरातली, फक्त २४ वर्षांपूर्वी शेजारी राहणारी. दोन्हीकडे स्वार, दोन्हीकडे दफेदार. २००१ मध्ये अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल पाकिस्तानात गेले, तेव्हा लाहोरला त्यांचे यजमान होते १३ लान्सर्सचेच निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर. त्यांनीच पाहुण्याला सांगितले की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. अरुणचा जन्म पुण्याचा हे खरे, पण खेत्रपाल घराणे मूळचे सरगोध्याचे. वडील गेले होते ते आपले गाव बघायला.

दुसऱ्या परमवीराला, लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांना, लेखात चार ओळी मिळाल्या. खरे तर मराठी मुलखाशी नाते दाखवायचे, तर ते इथे होते. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची सरदार दस्तूर. पूर्वजांना शिवकाळात जहागीर मिळाली आणि तारापूर त्यातले मुख्य गाव, असे त्या पारशी घराण्यात सांगतात. हैदराबाद संस्थानच्या लान्सर्समधून ते १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये आले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिल्लोऱ्याला जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. १४ तारखेला वझीरवाली घेतले, १६ तारखेला जस्सोरन आणि बुतुर-डोग्रांदी. त्याच दिवशी रणगाडा पेटून त्यांना मृत्यू आला. सन्मानपत्रात शत्रूचे ६० रणगाडे उद्ध्वस्त आणि आपले नऊ निकामी, असा हिशेब आहे. आपले वृत्तपत्र १६ डिसेंबरला दरवर्षी पान काढते. १६ सप्टेंबरला निदान चौकट तरी काढावी.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘पूना हॉर्सचा पॅटन रणगाडा’ असे छापले आहे. चित्रातला रणगाडा सेंच्युरियन आहे. चाकांवर बाजूने लावलेले लोखंडी पत्रे स्पष्ट दिसतात. पॅटन होते ते समोरच्यांकडे. माझ्या सहावीच्या वर्गातली मुले एवढे ओळखत असत.

आपला,
एक वाचक
(निवृत्त शिक्षक, भिंगार, अहिल्यानगर)