दाराबाहेरच्या पॅसेजविषयी: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकासात नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा नायगावच्या अशाच चाळीत लहानाची मोठी झालेल्या मला मनापासून आनंद झाला. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसे कशी झोपतात आणि रात्री-अपरात्री सामाईक संडासाकडे जाताना बाईच्या जिवाची काय घालमेल होते, हे मी अनुभवले आहे. त्यामुळे ५०० चौरस फुटांच्या स्वतंत्र घराचे मोल मला कोणी समजावून सांगायला नको. चाळी पाडू नका, असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे पॅसेजविषयी आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या आहेत. आमचा पॅसेज अंधारा होता, तरी आमचे निम्मे आयुष्य तिथेच गेले. दुपारी आई उंबऱ्याशी मेथी निवडायला बसायची, समोरच्या काकू तांदूळ पाखडायचे सूप घेऊन तिच्यापाशी सरकायच्या आणि आम्ही पोरे बल्बखाली कॅरम मांडायचो. कोणाला विचारावे लागत नसे की वेळ ठरवावी लागत नसे. आईच्या हातात स्वतःचा पैसा कधी नव्हता, पण खोलीबाहेर पडायला तिला कारण लागत नव्हते, आणि एवढी मोकळीक तिला त्या पॅसेजने दिली होती. (मी कॉलेजातून उशिरा परतले की त्याच पॅसेजमधली वीस दारे माझ्याकडे पाहत असत, हेही खरे आहे.)

आज आई उपनगरातल्या एका पुनर्विकसित इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहते. दाराबाहेर लिफ्टपुरती बंदिस्त जागा आहे. आगीच्या भीतीने तिथे खुर्चीही ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. खाली बाग आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांनी साडी नीट करून, लिफ्टची वाट पाहून खाली जावे आणि तिथे ओळखीचे कोणीच नसावे, असे दोनदा झाल्यावर तिसऱ्यांदा ती गेली नाही. शेजारणीकडे जायचे तरी आता आधी फोन करते. माझ्या सात वर्षांच्या मुलालाही खेळायला खाली न्यायला मोठे माणूस लागते, म्हणजे त्याचा खेळ आमच्या सवडीवर ठरतो.

म्हणून नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या जागी होणाऱ्या ज्या इमारतींचे आराखडे अद्याप बदलता येतील त्यांत, तसेच यापुढच्या प्रत्येक चाळीच्या पुनर्विकासात, दर तीन-चार मजल्यांमागे एक हवेशीर, मजबूत कठड्याचा सामाईक व्हरांडा बंधनकारक करावा, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. तो आगीच्या वेळी सुटकेसाठी राखलेल्या जागेपासून वेगळा असावा, पण कोपऱ्यात ढकललेला नसावा. घरी येता-जाता सहज लागावा. तो चटईक्षेत्रात (परवानगी असलेल्या बांधकामाच्या हिशेबात) धरू नये, म्हणजे विकासकाला तो गाळावासा वाटणार नाही, आणि पुढे कोणी भिंत घालून त्याची खोली करणार नाही, याची तरतूद आत्ताच व्हावी.

आराखडे कायम करण्यापूर्वी आपल्या वास्तुविशारदांना, एखाद्या दुपारी चारच्या सुमारास, अजून उभ्या असलेल्या कोणत्याही चाळीच्या पॅसेजमध्ये तासभर बसायला सांगावे.

आपली नम्र,
नायगावच्या चाळीत वाढलेली एक मुंबईकर