पाणी दारातून नाही, नहाणीतून आलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात पावसाळ्याआधी काय काय तयारी करावी याची मोठी यादी आली होती, टॉर्च चार्ज करून ठेवा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाका, फ्रीजखाली विटा लावा वगैरे. सगळं बरोबरच आहे, पण चिपळुणात तळमजल्यावर बावीस वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, जे पाहिजे होतं तेच त्या यादीत नव्हतं. नहाणीचं काय करायचं ते कोणी लिहीतच नाही. संडासाचं तर नावच नको. पेपरात बरं दिसत नसेल, पण पाणी तिथूनच येतं हो.

आधीच सांगते, मी २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल बोलत नाहीये. त्या दिवशी तळमजले अख्खेच्या अख्खे पाण्याखाली गेले, तिथे व्हॉल्व काय नि दार काय, जीव वाचला हेच खूप. २६ जुलै २००५ चंही तसंच. मी बोलतेय ते साध्या पुराबद्दल, म्हणजे वरून धो धो पाऊस, वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही फुगलेल्या, त्यात अमावस्या नाहीतर पौर्णिमेचं उधाण, खाली दाभोळच्या खाडीला भरती, मग पाणी जाणार कुठे, ते रस्त्यावर चढतं आणि सहा सात तासांनी ओहोटी लागली की उतरतं. असा पूर आम्हाला नवा नाही. आम्ही दाराला प्लायची फळी लावतो, तिला मेणकापड, त्यावर मातीच्या पिशव्या, आणि बसतो चहा पीत.

मागे एका वर्षी असंच झालं. फळी एकदम मस्त बसली होती, दारातून थेंब नाही, मिस्टर अगदी खूष. मी स्वयंपाकघरात होते आणि बाथरूममधून बुडुक बुडुक आवाज यायला लागला. आधी वाटलं वरच्यांनी बादली ओतली असेल. जाऊन बघते तर नहाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय आणि कमोड काठापर्यंत भरलेला. मी घाईघाईत जाळीवर प्लास्टिकची पिशवी टाकली, वर वीट ठेवली. वीट डुलायला लागली! नंतर मुलाने हिशोब करून दाखवला, बाहेरचं पाणी बाथरूमच्या लादीपेक्षा दीड फूट वर असेल तर चार इंची भोकावर खालून साडेतीन किलोच्या वर जोर लागतो, वीट असते तीन किलोची, आणि ती पाण्यात बुडाली की वजन निम्मं होतं. तेव्हा वीट ठेवणाऱ्यांनी ठेवूच नये. ठेवायचीच तर वाळू घट्ट भरलेली चांगली जड पिशवी, ती जाळीवर आणि कमोडमध्ये पण बसते नीट, पण तीसुद्धा तात्पुरतीच. त्या दिवशी दोन तासांत हॉलमध्ये घोट्यापर्यंत पाणी, आणि कसलं ते पाणी हे सांगत नाही. दार बंदच होतं म्हणून ते बाहेरही जाईना. पूर घराबाहेर, आणि आत आमचाच वेगळा पूर.

असं का होतं ते तेव्हा कळलं. आमच्या बिल्डिंगला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे, आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगींना तेच. पावसाळ्यात जमीन आधीच भिजून चिंब, शोषखड्डा काही शोषत नाही, त्यात पुराचं पाणी टँकमध्ये शिरलं की ते पायपातून उलटं चालायला लागतं आणि सगळ्यात खालचं भोक शोधतं, ते तळमजल्याच्या नहाणीचं. पाण्याला दार लागतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो काही चंद्रावरून आणायचा नाही. चार इंची पायपात, म्हणजे ११० एमएमच्या, बसणारा एक व्हॉल्व मिळतो, प्लंबर लोक त्याला एनआरव्ही म्हणतात, नॉन रिटर्न. आत बिजागरीवर लटकलेली झडप असते, घरातलं पाणी बाहेर जाताना ती उचलते, बाहेरचं उलटं यायला लागलं की त्याच पाण्याच्या दाबाने बंद होते. ना लाईट ना मोटर. खाडीकाठच्या लोकांना हे मी काय समजवायचं, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबंधाऱ्याची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, ती तरी काय? ओहोटीला शेतातलं पाणी सोडते, भरती आली की समुद्रच तिला दाबून बंद करतो. खारजमिनींसाठी राज्यात १९७९ चा वेगळा कायदा आहे, भातशेतीसाठी आपण समुद्राला झडप लावली, आणि वीस पंचवीस लाखांच्या फ्लॅटच्या नहाणीला लावायचं कोणाला सुचत नाही. बिल्डर ब्रोशरमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स लिहितो, ग्रॅनाइटचा ओटा लिहितो, झडप कुठेच नाही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे दुसऱ्यांची होणार नाही. दुकानात गेले तर आधी त्याने पाण्याच्या पंपावर लावतात तो पितळी एनआरव्ही काढून दिला. तो स्वच्छ पाण्याचा, सांडपाण्यात तो दोन दिवसांत तुंबेल. शेवटी मोठ्या तोंडाचा, वर उघडणारं झाकण असलेला ड्रेनेजचा मागवला. प्लंबरने तो बसवला कुठे, तर सगळ्या बिल्डिंगचा पाईप टँकला जातो तिथे, अगदी शेवटी. सोपं पडलं त्याला, आणि आम्हालाही वाटलं एका व्हॉल्वमध्ये बारा फ्लॅटचं काम झालं. पहिलाच मोठा पाऊस आला, बाहेरचं पाणी दाबायला लागलं, झडप छान बंद झाली. आणि वरच्या नऊ फ्लॅटमधलं पाणी? त्यांच्या अंघोळी चालू, फ्लश चालू, ते खाली येतंय आणि पुढे रस्ता बंद. मग ते निघालं आमच्या नहाणीतून! नदीचं नव्हतं, वरच्या काकूंच्या वॉशिंग मशीनचं होतं, साबणाचा फेस होता म्हणून ओळखलं.

म्हणजे झडप फक्त तळमजल्याच्या लाईनवर पाहिजे, आणि ती लाईन वरच्या मजल्यांच्या उभ्या पायपापासून वेगळी काढून बाहेरच्या चेंबरला जोडलेली पाहिजे. वरच्यांना झडपेची गरजच नाही, पाणी काय दुसऱ्या मजल्यावर नहाणीतून चढणार नाही. टँक भरलाच तर वरच्यांचं पाणी चेंबरच्या झाकणातून अंगणात सांडेल, घाण आहे, पण घरात तर नाही. हे बिल्डिंग बांधताना केलं तर चार फूट जास्तीचा पाईप आणि एक चेंबर, बस. नंतर करायचं म्हणजे आम्ही केलं तसं, पार्किंगचे पेव्हर उखडा, जांभा फोडा, आठ दिवस सगळे रुमाल लावून फिरताहेत.

व्हॉल्वच्या अंगावर बाण असतो, पाणी जायच्या दिशेला तो पाहिजे. हे सांगायची गरज नाही असं वाटतं ना? एका ओळखीच्यांकडे उलटा बसवलेला होता, महिनाभर संडास का तुंबतो म्हणून डोकं धरून बसले होते. आणि वर चेंबरचं झाकण पाहिजे, पेव्हर किंवा लादीखाली गाडायचा नाही, कारण तो साफ करावा लागतो. आमचा प्लंबर पहिल्या वर्षी मेमध्ये झाकण उघडून मला बोलवायला आला, "वैनी, इकडे या, तुमची झडप बसतच नाय, ही बघा." बघितलं तर भांडी घासायच्या काथ्याचा बोटभर तुकडा बिजागरीत अडकलेला, झडप करंगळीएवढी उघडी. आणि खाली माशाचे खवले चिकटून थर झालेला, सुरमईचे असावेत. तेवढ्या फटीतून रात्रभरात घर भरलं असतं. तेव्हापासून मृगाच्या आधी जशी गावाकडे कौलं परततो, पावसाच्या माऱ्याला आडोसा म्हणून झडी बांधतो, तसं आमच्याकडे झडपेचं झाकण उघडतं, पाण्याचा पाईप मारायचा, बोटाने झडप दोनदा उचलून सोडायची, टपकन बसली पाहिजे. पाच मिनिटांचं काम.

दुसरं एक राहिलं, थोडक्यात लिहिते. पूर नसताना पण बिल्डिंगी भिजतात, आणि त्याला कारण आपले चाकरमानी, राग मानू नका. गणपतीला येतात, नळ सोडतात, पाणी गेलेलं असतं, नळ तसाच उघडा, आणि निघतात रातराणीने मुंबईला. दुसऱ्या दिवशी पाणी येतं आणि बंद फ्लॅटमध्ये बारा तास वाहतं. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्यांच्या छतातून धार लागली, वरचा मालक डोंबिवलीला, चावी त्याच्या साडूकडे, साडू गुहागरला लग्नाला. गच्चीवर टाकीखाली प्रत्येक फ्लॅटचा व्हॉल्व होता, पण कुठला कोणाचा ते कोणालाच माहीत नाही, आणि जुने गेट व्हॉल्व इतकी वर्षं न फिरवल्याने जाम, खाऱ्या हवेने चाकं गंजून हातात आली. शेवटी अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद केलं. आता आम्ही सगळे बदलून पाव फेरी फिरवायचे बॉल व्हॉल्व घेतले, प्रत्येकावर ऑइलपेंटने फ्लॅट नंबर टाकला, आणि गावाला जाणाऱ्याने गच्चीवर जाऊन आपला व्हॉल्व बंद करायचा असा सोसायटीचा ठरावच केला. दोघे जण अजून विसरतात. त्यांचा मीच करते.

आता खरं म्हणायचं ते. २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात निळी रेषा लाल रेषा, म्हणजे नदीच्या पूररेषा, यावर केवढा वाद झाला, गाळ काढा म्हणून उपोषणं झाली, गाळ काढला पण, ते सगळं व्हायलाच पाहिजे होतं. पण नदी रुंद होईल तेव्हा होईल, माझ्या नहाणीचं भोक चार इंचाचंच आहे आणि ते आज बंद होऊ शकतं. डिसेंबर २०२० पासून राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे, प्लॅन पास करायला नगरपरिषद दहा गोष्टी बघते, मग पूररेषेतल्या भागात भोगवटा प्रमाणपत्र देताना एक माणूस पाठवून तळमजल्याची लाईन वेगळी आहे का आणि तिला झडप आहे का एवढं बघायला काय हरकत आहे? झाकण उघडलं की दिसतं. चिपळूणच नाही, खेड आहे, महाड आहे, राजापूर आहे, सगळीकडे तीच कथा. आणि आयटीआयच्या प्लंबर ट्रेडच्या मुलांना हे एकदा प्रत्यक्ष बसवून दाखवा, कारण आमच्या प्लंबरची चूक नव्हती, त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. जुन्या बिल्डिंगींनी सरकारची वाट बघू नये, आमच्या तळमजल्याच्या तीन घरांनी मिळून खर्च केला, प्रत्येकाला एका बऱ्या मोबाईलएवढा पडला. त्या वर्षी माझा एकटा सोफाच त्याहून महाग गेला होता.

एक गोष्ट मात्र व्हॉल्व बसवणाऱ्यांना सांगितलीच पाहिजे, झडप बंद असताना आपलं पण पाणी बाहेर जात नाही. म्हणजे पूर उतरेपर्यंत तळमजल्यावाल्यांनी अंघोळ नाही, भांडी नाही, फ्लश नाही, सकाळीच सगळं उरकून घ्यायचं. आम्ही तेवढे तास वरच्या काकूंकडे जाऊन बसतो. त्या चहा देतात, आणि मी त्यांच्या वॉशिंग मशीनकडे बघत बसते.

आपली,
तळमजल्यावरची एक वाचक, चिपळूण