नकला कर, पण खर्ज सोडू नको

अंबाजोगाई

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा मावशीचा फोन होता. "भाऊजी, एवढं गाणं शिकवलं अन् पोरगी नकला करायली म्हणं!" मी म्हणलं, करू द्या. गाणं वाया गेलं असं मला वाटत नाही. का वाटत नाही, ते तुला लिहायला बसलोय.

टीव्हीवरच्या नकलाकार सुगंधा मिश्राचंच बघ. मूळची जालंधरची, गाणं शिकली आजोबांकडं. घराणं इंदूरचं, उस्ताद अमीर खाँसाहेबांचं. विलंबित इतकं संथ की ऐकणाराचा धीर सुटावा. त्या घरातली पोरगी 'सारेगमप'मध्ये गायली, लाफ्टर चॅलेंजच्या मंचावर गेली, पुढं कपिल शर्माच्या कार्यक्रमात विद्यावती टीचर झाली. 2014 च्या 'हीरोपंती'तही काम केलं. 2021 मध्ये लग्न केलं ते आपल्या संकेत भोसलेशी. तोही नकलाकारच, पण शिकून डॉक्टर. तुझ्या आईला या सगळ्यातलं तेवढंच पटलं!

तिची लतादीदींची नक्कल नीट ऐक. बारीक आवाज कुणीही काढतं. हिचा सूर जागेवर असतो, म्हणून माणूस आधी चपापतो अन् मग हसतो. सूर ढळला असता तर ती निव्वळ टवाळी झाली असती. खरं तर असा कान रियाजाशिवाय तयार होतच नाही.

आता तुझं. आत्याची नक्कल करतीस त्यात शब्द तंतोतंत तिचे असतात. पण आत्या शब्दांत नाही. मिश्री गालाकडं सरकवून "अगं बया" म्हणायच्या आधी ती अर्धा श्वास घेते ना, आत्या तिथं आहे. दिवाळीत तू तेवढाच गाळलास. टाळ्या लवकर पाहिजे होत्या तुला. ख्यालात समेवर यायची अशी घाई केली असतीस तर गुरुजींनी तानपुरा खाली ठेवला असता.

अन् घसा आवळून पुरुषी, घोगरे आवाज काढणं बंद कर. दुसऱ्या दिवशी षड्ज, साधा 'सा'सुद्धा, लागत नाही, हे मला सांगायची गरज नाही. कार्यक्रम रात्री कितीही उशिरा संपो, सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, चुकवायचा नाही.

मावशीला मी पैठणचा दाखला दिला. नाथमहाराजांनी भारुडात वासुदेव केला, जोशी केला, आंधळा केला, मुकासुद्धा बोलता केला. त्यांना कुणी नकल्या म्हणलं का? त्यावर ती म्हणली, "ते नाथ होते." यावर काय बोलणार!

युवक महोत्सवाला सुगम गायन अन् नक्कल, दोन्हीत नाव दे. एकच घेऊ म्हणले तर मात्र गाण्यात दे. नकलेला अजून वर्षभर घासायला पाहिजे. आत्याची नक्कल मंचावर नेणार असशील तर आधी तिला करून दाखव. ती नको म्हणली तर विषय संपला.

मेसचे पैसे टाकलेत.

तुझा,
अप्पा